डेल्को हलतोय

वंटमुरीचा घाट म्हणजे काही फार मोठा घाट नव्हे. बेळगावहून कोल्हापूरकडे जाताना काकती मागं पडली की थोडी वळणं, थोडा चढ, आणि संपला. हल्लीच्या गाड्यांना तो घाट आहे हे कळतही नाही. आमच्या अॅम्बेसेडरला कळतं. गेल्या श्रावणात चढाच्या मध्यावर तिनं धक्के द्यायला सुरुवात केली, सायलेन्सरमधून दोन फटाके फोडले, आणि शेजारी बसलेल्या पुतणीनं मोबाइल खाली ठेवून विचारलं, "काका, हिला नक्की काय होतंय?"

आठ वर्षांत हा प्रश्न मला कोणी इतक्या सरळ विचारला नव्हता. बाकी सगळे "आता काय झालं?" असं विचारत. दोन्हींत फरक आहे.

गाडी अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. मार्क टू, १९७३ ची. व्हिंटेज म्हटलं की जाणकार नाक मुरडतात, कारण त्यांच्या हिशेबात व्हिंटेज म्हणजे १९३० च्या आधीची. पण आमच्या टिळकवाडीत मालकाच्या लग्नाआधीची कुठलीही गाडी व्हिंटेजच, आणि माझं लग्न होईपर्यंत ती वयात आलेली होती. १४८९ सीसीचं इंजिन, मूळचं इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्ड घराण्यातलं, बांधणी उत्तरपाड्याची. २०१४ साली तो कारखाना बंद पडला. अण्णाही त्याच वर्षी गेले. त्यानंतर गाडी दारात उभी राहायला लागली, आणि जेव्हा कधी बाहेर काढली तेव्हा मिसिंग मारायला लागली.

त्या दिवशी कशीबशी परत आलो. दादा पायरीवरच उभा होता. तो रागावला नाही, हेच वाईट. शांतपणे म्हणाला, "दिवाळीपर्यंत चालती झाली तर ठेवू. नाहीतर कोल्हापूरचं गिऱ्हाईक विचारतंय, देऊन टाकू. आईला रोज ते धूड बघून त्रास होतो." आईला त्रास होत नव्हता, पण दादाच्या म्हणण्यात तथ्य होतं. २०१६ पासून मी त्या गाडीवर कार्बोरेटर, पेट्रोल पंप, कॉइल, वायरिंग असा खर्च करत आलो होतो. प्रत्येक वेळी महिनाभर बरं वाटायचं, मग पुन्हा तेच.

आणि २०१६ ची एक गोष्ट मी घरात कोणाला सांगितली नव्हती. ती पुढं येईल.

पुतणी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पण तिच्या पिढीनं गाडीत ठिणगी कशी पडते हे कधी पाहिलेलंच नाही, कारण आता ते सगळं एका बंद डब्यात होतं आणि डबा बिघडला की बदलतात. म्हणून तिला जे सांगितलं तेच इथं थोडक्यात सांगतो.

बॅटरीचे बारा व्होल्ट प्लगमध्ये ठिणगी पाडू शकत नाहीत. त्यासाठी हजारो व्होल्ट लागतात. ते कॉइल तयार करते, पण एका अटीवर: तिच्यातून वाहणारा करंट एकदम तोडला पाहिजे. हा तोडण्याचा उद्योग सीबी पॉइंट करतात. दोन छोटी टोकं, एक स्थिर, एक हलतं. मधोमध एक दांडा फिरतो, त्यावर चार कोपऱ्यांचा कॅम. कोपरा आला की टोकं उघडतात, करंट तुटतो, कॉइल धक्का देते, आणि त्याच दांड्याच्या डोक्यावर बसलेला रोटर तो धक्का चारांपैकी ज्याची पाळी असेल त्या प्लगकडे पाठवतो. पाळी ठरलेली, एक-तीन-चार-दोन. हे सगळं ज्या भांड्यात चालतं तो डिस्ट्रिब्युटर. आपल्याकडच्या गॅरेजात त्याला डेल्को म्हणतात. अमेरिकेतल्या एका कंपनीचं नाव आमच्या मिस्त्रींच्या तोंडी असं बसलंय की त्यावर लुकास लिहिलेलं असलं तरी तो डेल्कोच.

आता हिशेब बघा. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर डेल्को निम्म्या वेगानं, म्हणजे दीड हजार. प्रत्येक फेऱ्यात चार ठिणग्या. मिनिटाला सहा हजार, सेकंदाला शंभर. शंभरातल्या चार-पाच चुकल्या तरी गाडी खोकते, आणि वेळेच्या थोड्या पुढंमागं पडल्या तरी ओढ जाते.

"मग पेट्रोलचा दोष नाही हे कशावरून?" पुतणीनं विचारलं. प्रश्न रास्त होता. मी स्वतः सहा वर्षं पेट्रोललाच दोष देत होतो. फरक असा की पेट्रोल कमी पडलं तर गाडी हळूहळू मरगळते, नळाचं पाणी बारीक व्हावं तशी, आणि सावरतेही हळूहळू. करंट तुटला तर खटकन जातो आणि खटकन येतो, ढिल्या बटणावरच्या दिव्यासारखा. आमची गाडी दिव्यासारखी वागत होती. हे मला २०१६ सालीच कळायला हवं होतं. कार्बोरेटर उघडायला मजा येते, एवढंच त्याचं उत्तर.

शनिवारी सकाळी आम्ही कामाला लागलो. इंजिन चालू ठेवून, जाड रबरी हातमोजे घालून एकेका प्लगची वायर काढून पाहिली. चारही वेळा इंजिन सारखंच अडखळलं. म्हणजे एकाच सिलिंडरचा दोष नाही. एकाचाच असता तर त्याची वायर काढल्यावर फरक पडला नसता. दोष चौघांच्या सामाईक वाटेवर: कॉइल, कंडेन्सर, पॉइंट, रोटर, नाहीतर खुद्द दांडा.

रात्री अंगणातले दिवे घालवून बोनेट उघडलं. ही तपासणी मुलांना दाखवण्यासारखी आहे. अंधारात चालू इंजिनाकडं पाहिलं की जिथं वायरीचं रबर तडकलं असेल तिथून निळसर धागा उडताना दिसतो. आमच्याकडं तीन नंबरच्या वायरीवर एक सापडला. पुतणीनं टाळ्या वाजवल्या. वायर बदलली. रविवारी गाडी गोगटे सर्कलपर्यंत नेली, तर खोकला तसाच. सापडलेला दोष हा शोधत असलेलाच दोष असेल असं नाही, आणि जुन्या गाडीत तर दोष गर्दीनं राहतात.

मग कॅप उतरवली. आतून पुसून उजेडात धरली. कधीकधी त्यात पेन्सिलीनं ओढल्यासारखी काळी बारीक रेघ असते, तिच्यातून करंट भलत्याच वाटेनं पळतो, पावसाळ्यात जास्तच. तसं काही नव्हतं. मधला कार्बनचा दाणा स्प्रिंगवर नीट खाली-वर होत होता. रोटर मी मुद्दाम दुसरा लावून पाहिला, कारण बाजारात मिळणाऱ्या काही रोटरांची मधली रिव्हेट आतल्या दांड्याच्या फार जवळ असते आणि करंट प्लगकडं जायच्या ऐवजी तिथंच जमिनीला मिळतो. फरक नाही. कंडेन्सर बदलला. फरक नाही. आत पॉइंटला जाणारी एक बारीक वायर असते. व्हॅक्युमनं पट्टी सरकली की ती सारखी वाकते आणि वरून धडधाकट दिसत असताना आतून तुटते. तिला हळूच ओढून पाहिलं. धडधाकटच होती.

दुपारची दोन वाजले. आजीनं नातीला दोनदा जेवायला हाक मारली होती.

"आता पॉइंटचा गॅप बघू आणि उठू," मी म्हटलं. या डेल्कोला गॅप लागतो १४ ते १६ थाऊ, म्हणजे इंचाचे चौदा ते सोळा हजारावे भाग. प्लग काढून ठेवले, म्हणजे हँडलनं इंजिन हलकं फिरतं. एक कोपरा पॉइंटच्या टाचेखाली आणला, फिलर गेजची पट्टी घातली, १५ वर स्क्रू आवळला. माझं काम झालं होतं. आयुष्यभर मी एवढंच करत आलो होतो.

पुतणी म्हणाली, "बाकीच्या तीन कोपऱ्यांवर पण १५ आहे का?"

असणारच, मी म्हटलं. कॅम एकच आहे. तरी फिरवून पाहिलं. दुसऱ्यावर १३. तिसऱ्यावर १६. चौथ्यावर पुन्हा १५. तिनं मोबाइलमध्ये आकडे टिपून घेतले. माझ्या डोक्यात आलं, कॅम झिजला असेल, किंवा दांडा वाकला असेल. तिनं मात्र आणखी एक फेरा फिरवायला लावला. आता त्याच चार कोपऱ्यांवर क्रमानं १४, १७, १५, १२ निघाले.

मला क्षणभर वाटलं, हिला पट्टी धरता येत नाही. मी स्वतः धरली. तिसऱ्या फेऱ्याला आणखी वेगळे आकडे.

"काका, कोपरा झिजला असता तर त्या कोपऱ्यावर दर वेळी तेवढाच कमी आला असता ना? इथं तर तोच कोपरा दर वेळी वेगळं सांगतोय."

मी पट्टी खाली ठेवली आणि रोटर दोन बोटांत धरला. फिरवण्याच्या दिशेनं तो थोडा फिरतो आणि स्प्रिंगनं परत येतो. ते तसंच हवं, खाली वेग वाढल्यावर टायमिंग पुढं नेणारी वजनं असतात. पण मी त्याला आडवा ढकलला. एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला. टक. टक. दांडा आपल्या जागेत लुटूलुटू हलत होता, हलणाऱ्या दातासारखा. पुतणीनं अंगठ्यानं तो एका बाजूला दाबून धरला आणि मी गॅप मोजला: १९. दुसऱ्या बाजूला दाबला: ११.

म्हणजे मी आठ वर्षं मनापासून पंधरावर जो गॅप लावत होतो तो फक्त पट्टी आत असेपर्यंत पंधरा होता. इंजिन सुरू झालं की दांडा मनाला येईल तिकडं झुकणार, गॅप एका ठिणगीला अकरा, पुढच्या ठिणगीला एकोणीस. गॅप कमी झाला की टोकं नीट तुटत नाहीत, त्यांच्यातच जळतात, आणि ठिणगी दुबळी पडते. गॅप वाढला की टोकं मिटलेली राहायला वेळ मिळत नाही, कॉइल पुरती भरत नाही, आणि पुन्हा ठिणगी दुबळी. वर प्रत्येक ठिणगीची वेळही पुढंमागं. सपाटीवर हे खपून जातं. घाटात इंजिनावर भार आला, सिलिंडरमधला दाब वाढला, की त्या दाबात ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं, आणि दुबळी ठिणगी तिथं पडतच नाही. वंटमुरीचं कोडं एवढंच होतं.

खात्रीसाठी पुतणीनं कॉलेजच्या मित्राचा ऑटोमोबाइलचा मल्टीमीटर आणला. त्यावर ड्वेल दिसतो, म्हणजे एका सिलिंडरच्या वाटणीच्या नव्वद अंशांपैकी किती अंश पॉइंट मिटलेले राहतात ते. हवेत साठ, तीन इकडं किंवा तिकडं. आमचा आकडा रेस कमीजास्त केली की त्रेपन्न ते बासष्टमध्ये नाचत होता. टायमिंग लाइट मारली तर पुलीवरची खूण एका जागी दिसायच्या ऐवजी थरथरत होती. आता शंकेला जागा नव्हती.

"डेल्को हलतोय," पुतणी म्हणाली.

हेच दोन शब्द मी आधी ऐकले होते. आता ती २०१६ ची गोष्ट सांगतो.

आमच्या गाडीचे मिस्त्री तीस वर्षं एकच होते. दुसऱ्या रेल्वे गेटच्या पलीकडं त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं. अण्णा गेल्यावर दोन वर्षांनी गाडी पहिल्यांदा अडखळली तेव्हा मी पुण्याहून आलो आणि त्यांच्याकडं नेली. त्यांनी कॅप काढली, रोटर दोन बोटांत धरून हलवला, आणि म्हणाले, "पॉइंट बदलून देतो, खरं त्यानं काय व्हायचं नाही. डेल्को हलतोय. बुश घालायला पायजे." इथल्या बोलीत 'खरं' म्हणजे 'पण', हे पुण्यात राहून मी विसरलो नव्हतो. मी दुसरंच काही विसरलो होतो. पन्नास रुपयांच्या पॉइंटच्या जागी मोठं काम काढून बसले, असं मला वाटलं. रविवार होता, परतीची गाडी गाठायची होती. मी म्हणालो, "मिस्त्री, तुम्हाला आता जमत नसेल तर तसं सांगा. मी दुसरीकडं दाखवतो." त्यांचा पोरगा तिथं उभा होता. मिस्त्री काही बोलले नाहीत. कॅप बसवली, क्लिपा लावल्या, हात पुसले आणि आत गेले. पैसे घेतले नाहीत. त्यानंतर मी त्या बाजूला कधी गेलो नाही. दुसरीकडं मात्र बऱ्याच ठिकाणी गेलो.

हे मी पुतणीला त्याच दुपारी, बोनेटवर कोपर टेकून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते आहेत अजून?"

आहेत, मी म्हटलं.

"मग आधी बुश करू," ती म्हणाली, "मग जाऊ."

डेल्को उतरवणं अवघड नाही, फक्त रोटरचं तोंड कुठं आहे याची खूण करून ठेवायची. खूण मी खडूनं केली, तिनं फोटो काढले. खालच्या पट्टीचे दोन बोल्ट काढायचे, गळ्याचा क्लँप ढिला करायचा नाही, म्हणजे टायमिंग जवळपास जागेवर राहतं. या इंजिनात दांड्याची खालची जीभ मधोमध नसून किंचित एका बाजूला असते. त्यामुळं तो उलटा बसतच नाही. कोणा शहाण्यानं आपल्यासारख्यांचा विचार करून केलेली सोय.

बेळगावात राहण्याचा एक फायदा असा की लेथवाला शोधायला लांब जावं लागत नाही. उद्यमबागेत एका गल्लीत हायड्रॉलिकचे भाग करणारं छोटं वर्कशॉप आहे. तिथले मालक वाक्य मराठीत सुरू करून कन्नडमध्ये संपवतात. त्यांनी दांड्याला डायल लावून हलवला. काटा ०.१८ मिलिमीटर फिरला. "सात थाऊ," ते म्हणाले, आणि माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी पोराला ताप असताना शाळेत पाठवलं होतं. दांडा मात्र चांगला निघाला. झिजलं होतं ते बाहेरचं बुश, वरच्या बाजूला लांबट, अंड्यासारखं.

मी विचारलं, "भरीव ब्राँझचं नवीन टर्न करून रीमर मारता का?" त्यांनी मान हलवली. मूळ बुश सच्छिद्र असतं, पावडर दाबून केलेलं. त्याच्या अंगात तेल मुरतं आणि दांडा फिरला की तेच तेल बाहेर येऊन त्याला भिजवतं. रीमर मारला की ती भोकं बुजतात. म्हणून मापाचंच सच्छिद्र बुश आणायचं, बसवायच्या आधी चोवीस तास इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवायचं, आणि दांड्याच्याच जाडीच्या गुळगुळीत मँड्रेलवर दाबून घालायचं. जुन्या वर्कशॉप मॅन्युअलमध्येही हेच लिहिलेलं आहे. घाई असेल तर तेल शंभर अंशांवर तापवून दोन तासांत काम भागतं, असंही त्यात आहे. पुतणीनं ते घरी मोठ्यानं वाचून दाखवलं आणि आईनं गॅसकडं बोट दाखवून "याच्या जवळ यायचं नाही" असं सांगितलं. मग बुश चोवीस तास लोणच्याच्या रिकाम्या बरणीत, देवघराच्या शेजारच्या फळीवर बसलं. बरणी नंतर फेकून द्यावी लागली. त्यावरून अजून ऐकतोय.

मजुरी आणि बुश मिळून साडेचारशे रुपये झाले. माझ्या आठ वर्षांच्या खर्चाचा आकडा मी लिहीत नाही, दादा हा अंक वाचतो.

मधल्या काळात दादानं सुचवलं होतं की इलेक्ट्रॉनिक किट लाव, पॉइंटची कटकटच नको. त्याला मी नाही म्हणालो नाही. किट लावणं हा काही अधर्म नाही, पॉइंट घासण्यात पुण्यही नाही. पण किटसुद्धा त्याच दांड्यावर बसतं. दांडा हलत असेल तर गॅपचा प्रश्न सुटेल, ठिणगीची वेळ मात्र चुकतच राहील. आधी बुश, मग काय हवं ते.

बसवल्यावर चारही कोपऱ्यांवर मोजलं. १५, १५, साडेचौदा, १५. दुसऱ्या फेऱ्यालाही तेच. ड्वेल साठावर जाऊन बसला आणि रेस वाढवली तरी एखाद्या अंशापलीकडं हलला नाही. स्टार्टर मारला. मी कानानं आठ वर्षं जो खोकला ऐकत होतो तो नव्हता. मागच्या दारातून आई हात पुसत आली आणि काही न बोलता उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं मिस्त्रींकडं गेलो, गाडी घेऊन. पत्र्याच्या गॅरेजच्या जागी आता काचेचं दार आहे, पोरगा कॉम्प्युटर लावून गाड्या तपासतो. मिस्त्री बाहेर खुर्चीवर बसले होते. गाडी थांबायच्या आधीच त्यांनी मान वळवली होती.

"काय धाकटे, कधी आलासा?"

मी पाया पडलो. वाटेत जुळवलेली वाक्यं काही आठवली नाहीत. खिशातून कागदात गुंडाळलेलं जुनं बुश काढून त्यांच्या हातावर ठेवलं. म्हणालो, "तुम्ही सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. वर नको ते बोललो."

त्यांनी बुश उजेडाकडं धरून आतून पाहिलं. पोरगा काचेच्या दारात येऊन उभा राहिला होता. त्याला सगळं आठवत होतं, त्याच्या तोंडावरूनच कळत होतं.

"कोरडं पडलंय," मिस्त्री म्हणाले. "तेल कोण घालत होतं?"

लहानपणी ते माझं काम होतं. अण्णा रोटर उचलून धरत आणि मी तेलाच्या छोट्या कुपीतून दोन थेंब मधल्या स्क्रूवर आणि दोन कॅमच्या कडेच्या फटीत सोडत असे. ठरलेल्या रविवारी, अंघोळीच्या आधी. "मी," मी म्हटलं. "पुण्याला जाईपर्यंत. मग कोणीच नाही."

"कोणी नाही कसं? अण्णाच घालत होते की. तुम्ही गेल्यावर सगळी वर्षं." मिस्त्रींनी बुश पुन्हा कागदात गुंडाळलं. "शेवटी शेवटी हात थरथरायचा त्यांचा. निम्मं तेल पॉइंटवर सांडायचं. मग गाडी चालू व्हायची नाही, मला फोन करायचे. मी येऊन पॉइंट पुसून जायचो. त्यांना म्हणायचो, दमट हवा आहे अण्णा."

हे मला माहीत नव्हतं. घरात कोणालाच माहीत नव्हतं. त्यांना किती वेळा असं यावं लागलं, हे विचारायचं माझ्या जिवावर आलं.

"म्हणजे बुश माझ्यामुळं गेलं नाही?" मी विचारलं. वयाच्या पन्नाशीत असला प्रश्न विचारताना लाज वाटायला हवी होती.

"पन्नास वर्षांची गाडी आहे. झिजणारच. खरं उभी ठेवल्यानं लवकर गेलं." मिस्त्री खुर्चीच्या हातांवर भार देऊन उठले. "चालू करा बघू."

पुतणीनं गाडी चालू केली. मिस्त्रींनी बोनेट उघडायला लावलं, पुढच्या मडगार्डवर तळवा ठेवला आणि डोळे मिटून उभे राहिले. इतका वेळ, की पोरगा आतून बाहेर येऊन शेजारी थांबला. मला दहावीच्या निकालाच्या दिवसासारखं झालं होतं.

"डेल्को बसलाय," ते म्हणाले. "खरं प्लगचा गॅप कुणी लावलाय?"

मी हात वर केला.

"जास्ती हाय." त्यांनी पुतणीकडं पाहिलं. "आतनं प्लगचा पाना आण गं, पोरी. आणि फिलर गेज. पंचवीस थाऊ लावू, इकडं ये, तूच लाव."